सांदवाडीतली उभी काकडी

काकडीचा वेल ताटीवर उभा चढवावा, हे सांगताना बहुतेक ठिकाणी पहिले कारण दिले जाते ते जागेचे. चार वेल जमिनीवर पसरले की अख्खा वाफा अडतो, तेच उभे केले की दोन हात जागेत भागते. शहरातल्या गॅलरीपुरते हे कारण पुरेसे आहे. पण चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या गावांत घरामागे सांदवाडी बहुधा असतेच आणि तिच्यात वांगी, मिरची, अंबाडी, वाल लावूनही एखादा कोपरा रिकामा राहतो. अशा घरातल्या माणसाला ‘जागा वाचते’ एवढे सांगून काकडीसाठी बांबू रोवायला लावता येणार नाही, आणि त्याने तेवढ्यावर कष्ट घेऊही नयेत. या लेखाचे म्हणणे असे की, जंगलपट्ट्यातल्या या दोन जिल्ह्यांत काकडी उभी करायची ती पान लवकर वाळावे म्हणून. जागा वाचली तर तो वरचा लाभ. कारण बदलले की कामही बदलते. जागेसाठी बांधलेली ताटी आणि पान वाळवण्यासाठी बांधलेली ताटी यांची दिशा, उंची, दोन वेलांमधले अंतर, छाटणी हे सगळेच वेगळे निघते.

आधी पावसाकडे पाहू. या भागात वर्षाला सरासरी 1,200 ते 1,400 मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. आकड्याहून महत्त्वाची आहे ती त्याची पडण्याची रीत. जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली की दिवस-दिवस ऊन दिसत नाही. पाऊस उघडला तरी धानाच्या बांध्यांत पाणी उभे असते, जंगल जवळ असते, हवेतली ओल हटत नाही, आणि रात्री भिजलेले पान सकाळी उशिरापर्यंत ओलेच राहते. काकडीवरचा केवडा नेमका या ओलीवर जगतो. त्याच्या बीजाणूला पानात शिरायला पानावर पाण्याचा पातळ थर काही तास टिकून राहावा लागतो. तो थर लवकर वाळला तर बीजाणू असूनही रोग बेताचा राहतो. रोग ओळखायचा असेल तर खालची पाने पाहावीत. शिरांच्या मधोमध अडकलेले, कोपरे असलेले पिवळे डाग पानाच्या वरच्या अंगाला दिसतात. तेच पान सकाळी दव असताना उलटून पाहिले तर डागाच्या बरोबर खाली करडी-जांभळट बुरशी दिसते. पुढे काही दिवसांत डाग तपकिरी होतात, पानाच्या कडा वर वळतात, पान कागदासारखे चुरचुरीत होते, आणि वेल फळे पोसायच्या ऐन भरात असताना खालून वर उघडा पडत जातो. पावसाळी काकडी चार तोड्यांत ‘संपली’ असे आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा वेलाचे आयुष्य संपलेले नसते, त्याची पाने गेलेली असतात.

जमिनीवर पसरलेल्या वेलाची पाने एकमेकांवर पडतात. वरच्या पानाखाली वारा पोहोचत नाही, खाली माती ओली, वर पानांचे छप्पर, आणि मधली हवा कोंदलेली. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आपटला की चिखलाचा शिंतोडा पानाच्या खालच्या अंगाला बसतो, आणि त्यासोबत मातीतल्या बुरशाही चढतात. फळ ओल्या मातीला टेकते, तिथे आधी पिवळे पडते, मग मऊ होते, आणि झड लांबली तर त्यावर कापसासारखी पांढरी बुरशी येऊन एका रात्रीत हातात येत नाही असे होते. वेल उभा असला की ही साखळी तीन ठिकाणी तुटते. पानाला दोन्ही अंगांनी वारा लागतो, शिंतोडा खालच्या फूटभरातच राहतो आणि फळ हवेत लोंबते. लोंबणारे फळ आपल्याच वजनाने सरळ वाढते हा आणखी एक फायदा, पण तो दुय्यम. वाकडी काकडीही चवीला तीच असते, आणि तिच्या वाकडेपणाला पुष्कळदा अपुरे परागीभवन कारण असते, ते ताटीने सुटत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. मांडव आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेतच. दोडका, कारली, वाल मांडवावर जातात, भोपळा कवेलूच्या छपरावर चढतो. मग ताटीत नवे काय, आणि काकडीही त्याच मांडवावर का सोडू नये? मांडवाने फळ जमिनीवरून उचलले जाते हे खरे. पण आडवा मांडव भरला की त्याचे वरचे अंग उन्हात आणि खालचे अंग सावलीत राहते. पाने पुन्हा एकावर एक पसरतात, फक्त जमिनीऐवजी डोक्याच्या उंचीवर. दोडक्याचा वेल दणकट आणि त्याचा हंगाम लांब, म्हणून तो हे सोसतो. काकडीचे पान मोठे, पातळ आणि केवड्याला हळवे असते, शिवाय तिचे आयुष्यच दोन-अडीच महिन्यांचे. तिला छप्पर नको, भिंत हवी. जाडी एका हाताची, आणि पलीकडचा माणूस पानांमधून अंधुक दिसेल एवढी विरळ. पलीकडचे काहीच दिसेनासे झाले की पाने जास्त झाली, असे समजून कात्री हातात घ्यावी.

दुसरी गोष्ट जंगलपट्ट्याची आहे आणि ती बागकामाच्या पुस्तकांत सहसा येत नाही. काकडी तोडायची ती सकाळी, हाताने, पाने बाजूला सारून. पावसाळ्यात जमिनीवर पसरलेल्या दाट वेलाखाली बेडूक-उंदीर येतात आणि त्यांच्या मागे साप. नाग, मण्यार, घोणस हे तिन्ही विषारी साप या भागात आहेत, आणि पानांच्या गालिच्यात न पाहता हात घालणे हा दंश होण्याचा सरळ रस्ता आहे. ताटीवर हात जिथे जातो ती जागा डोळ्यांसमोर असते. त्यासाठी ताटीचा खालचा फूटभर भाग मोकळाच ठेवावा. तिथे ना पान, ना जाळी. हाच मोकळा फूट हवेलाही वाट देतो. जुनी नायलॉनची मासोळीची जाळी फुकट मिळते म्हणून काही जण ती जमिनीपर्यंत लावतात. तिच्यात धामण अडकून मरते, आणि अडकलेला साप सोडवायला जाणारा माणूसही धोक्यात येतो. जाळी लावायचीच तर हाताचा पंजा आरपार जाईल एवढ्या मोठ्या घराची लावावी आणि जमिनीपासून वर बांधावी. ताडोबाच्या आसपासच्या गावांत घरामागे दाट आडोसा नसणे ही तशीही जिवाची गरज आहे. बिबट्याला दडायला जागा देणारी झुडपी वाडी आणि आरपार दिसणारी वाडी यांत फार अंतर आहे.

आता दिशा. पान सकाळी लवकर वाळायचे असेल तर त्याला पूर्वेचे ऊन आधी मिळायला हवे, म्हणून ताटीची ओळ उत्तर-दक्षिण धरावी, म्हणजे तिची एक बाजू पूर्वेला आणि दुसरी पश्चिमेला येते. चंद्रपूर-गडचिरोली साधारण 20 अंश उत्तर अक्षांशावर आहेत. इथे सूर्य मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या उत्तरार्धात बरोबर डोक्यावर येतो, मधल्या काळात तर तो किंचित उत्तरेकडे असतो. म्हणजे खरिपाच्या काकडीला ‘दक्षिणेकडे तोंड करून लावा’ हा थंड देशांतल्या लेखांमधला सल्ला इथे निरर्थक आहे. घराच्या भिंतीला चिकटून ताटी बांधण्याचा मोहही टाळावा. भिंत वारा अडवते, छपराची पागोळी पानांवर पडते आणि पश्चिमेची भिंत संध्याकाळी तापलेली असते. भिंतीपासून निदान तीन फूट सोडून, पूर्वेला झाड नसलेली जागा निवडली की अर्धे काम झाले. वाडीचे कुंपण आयते असले तरी त्यावर थेट वेल सोडण्यापेक्षा कुंपणाच्या आत हातभर अंतरावर स्वतंत्र ताटी बरी. दोन्ही बाजूंनी फिरता येते, तोडणी चुकत नाही, आणि बाहेरच्या गुराचे तोंड पोहोचत नाही.

ताटीसाठी सात ते आठ फुटांचे बांबू घेऊन त्यांतले दीड-दोन फूट जमिनीत जातील असे रोवावेत. दोन बांबूंमध्ये पाच-सहा फूट अंतर, डोक्यावर एक आडवा बांबू आणि जमिनीपासून फूटभर उंचीवर दुसरा. उंची घरात तोडणी जिच्या हाती आहे तिचा हात पोहोचेल तेवढीच असावी. वेल वर पोहोचला की तो पलीकडच्या अंगाला सोडून देता येतो. मृगाच्या आधीची वादळे आणि पावसाळ्यातला सोसाट्याचा वारा लक्षात घेऊन दोन्ही टोकांच्या बांबूंना तिरपे टेके द्यावेत. भरलेली ताटी शिडासारखी वारा झेलते, आणि पडते ती नेहमी टोकाकडून. मात्र बांबूवर वेल आपोआप चढेल अशी अपेक्षा करू नये. काकडीचा तनावा धाग्यासारखा बारीक असतो. त्याचे टोक बारीक वस्तूला लागले की ते काही वेळातच तिच्याभोवती वळसा घेते, आणि मग मधला भाग स्प्रिंगसारखा आवळून वेलाला ओढून घेते. त्या स्प्रिंगमधला अर्धा पीळ एका दिशेचा आणि अर्धा उलट दिशेचा असतो. जाड, गुळगुळीत बांबूभोवती हा वळसा बसतच नाही. म्हणून वरच्या बांबूपासून खालच्या बांबूपर्यंत दर एका हातावर तागाची सुतळी ताणून बांधावी. पावसात सुतळी दोन-तीन महिन्यांत कुजते हे तिचे वैगुण्य नसून सोय आहे, कारण तेवढ्यात पीक संपते आणि वेलासकट सुतळी खताच्या खड्ड्यात टाकता येते. वेल बांधताना गाठ सुतळीला घट्ट आणि वेलाभोवती सैल ठेवावी, बोट आत जाईल इतकी.

बांबूच नको असतील तर वरोरा, राजुरा, कोरपना या बाजूला तुराट्या मुबलक असतात. फांद्या असलेल्या तुराट्या दाट रोवल्या तर तनाव्याला पकडायला त्या बांबूपेक्षाही सोयीच्या. पऱ्हाटी मात्र वापरू नये. तिच्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते, म्हणून हंगाम संपल्यावर ती शेताबाहेर साठवू नये असेच कृषी विभागाचे सांगणे आहे. ‘जंगल जवळ आहे, बांबू फुकट आणू’ हा विचार दोन कारणांनी सोडावा. एक तर बांबू आता फुकटची वस्तू राहिलेली नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतःच्या ग्रामसभेकडे आणले, तेव्हापासून अनेक गावांना हा बांबू ग्रामसभेच्या उत्पन्नाचा आधार आहे. तो आणायचा तर ग्रामसभेच्या नियमाने, किंवा बुरड बांधवांकडून विकत. दुसरे म्हणजे, चंद्रपूरच्या जंगलात चार काठ्यांसाठी एकट्याने शिरणे वाघामुळे जिवावर बेतू शकते. ज्याच्याकडे शेत आहे त्याने बांधावर मानवेलाचे एक बेट लावणे सर्वांत शहाणपणाचे. 2017 च्या कायदाबदलानंतर वनक्षेत्राबाहेर वाढवलेला बांबू भारतीय वन अधिनियमाच्या दृष्टीने ‘वृक्ष’ राहिलेला नाही.

बांबू कापावा तो पावसाळा संपल्यावर, हिवाळ्यात, आणि निदान तीन वर्षे वयाचा. कोवळ्या बांबूत पिठूळ अंश जास्त असतो आणि भुंगा त्यावरच येतो. कापलेला बांबू तीन-चार आठवडे तळ्यात किंवा बोडीत बुडवून ठेवला की हा अंश बराचसा धुऊन निघतो, मग तो सावलीत वाळवावा. जमिनीत जाणारे टोक विस्तवावर काळे होईपर्यंत शेकून त्यावर डांबर लावले तर कुजणे लांबते. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे यापुढच्या, बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या प्रक्रियेची माहिती मिळते. एवढे केलेली ताटी दोन-तीन वर्षे निघते, न केलेली पहिल्याच पावसाळ्यात जमिनीलगत मोडते. ‘काकडीसाठी एवढा खटाटोप?’ या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. ताटी एका पिकाची नसते. काकडीनंतर तिच्यावर वाल चढतो, वालानंतर उन्हाळी कारले. मात्र पुन्हा पुन्हा काकडी, दोडका, कारले असे एकाच कुळातले वेल लावण्यापेक्षा मध्ये वालासारखे शेंगवर्गीय पीक घालावे.

जमीन कोणती यावर वाफा ठरतो. सिहार जमीन हलकी आणि रेताड, तिच्यातून पाणी आणि खत दोन्ही लवकर निघून जातात. तिथे वेलागणिक दोन घमेली कुजलेले शेणखत द्यावे आणि वाफा फार उंच करू नये. कन्हार काळी आणि चिकण, झडीत तिच्यात पाणी साचते आणि काकडीची मुळे गुदमरतात. तिथे फूटभर उंचीचा गादीवाफाच हवा. ताटी आधी उभी करावी आणि बी नंतर टोकावे. वेल हातभर झाल्यावर बांबू रोवायला गेले की मुळे तुटतात. एका जागी दोन बिया, बोटाच्या दोन पेरांइतक्या खोल नाही तर एका पेराइतक्या, आणि दोन वेलांत दीड फूट अंतर. जागा वाचवणारा माणूस नऊ इंचांवर लावतो आणि मग पाने पुन्हा एकमेकांत अडकतात. वेल उगवले की वाफ्यावर धानाच्या तणसाचा चार बोटे थर द्यावा. ओल टिकवणे हे त्याचे उन्हाळ्यातले काम. पावसाळ्यात त्याचे काम शिंतोडा अडवणे हे आहे. पाणी द्यायची वेळ आली तर सकाळी, मुळाशी. संध्याकाळी झारीने वेलाला अंघोळ घालणे म्हणजे केवड्याला रात्रभराची ओल स्वतःच्या हाताने देणे.

वाणांत राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे हिमांगी आणि फुले शुभांगी हे वाण सांदवाडीला चांगले. जास्त पावसाच्या भागासाठी शीतलची शिफारस आहे. उन्हाळ्यासाठी आखूड फळाचा, लवकर येणारा पुणा खिरा. बाजारात पॉलिहाऊससाठीची महागडी संकरित बियाणीही मिळतात. त्यांना परागीभवन लागत नाही. ज्यांच्याकडे मधमाश्यांची वर्दळ आहे त्यांनी त्यासाठी पैसे घालवण्याचे कारण नाही, आणि जंगलाशेजारच्या गावाइतकी वर्दळ दुसरीकडे कुठे असणार? एकच सांभाळायचे. काकडीचे फूल एकच दिवस उमलते आणि त्या दिवशी मादी फुलावर माश्यांच्या बऱ्याच फेऱ्या झाल्या तरच फळ भरते. त्यामुळे सकाळच्या वेळी कोणतीही फवारणी करू नये.

छाटणीबाबत पॉलिहाऊसचा एक नियम सरसकट सांगितला जातो, तो इथे नुकसान करतो. ‘बाजूच्या सगळ्या फांद्या काढा, एकच खोड ठेवा’ हा तो नियम. तो जवळजवळ फक्त मादी फुले देणाऱ्या संकरित वाणांसाठी आहे. आपल्या नेहमीच्या वाणांत मुख्य वेलावर नर फुले जास्त आणि बाजूच्या फांद्यांवर मादी फुले जास्त येतात. मादी फूल ओळखणे सोपे, त्याच्या मागे बोटाच्या पेराएवढी लवदार काकडी आधीच असते. सगळ्या फांद्या काढल्या तर पीकच काढले गेले. बरोबर रीत अशी की, खालच्या पाच-सहा पेरांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे दीड फुटापर्यंतच्या फांद्या काढून टाकाव्यात. तिथला भाग मोकळा झाला की जमिनीलगतची ओल पानांना लागत नाही. त्यावरच्या प्रत्येक फांदीला एक-दोन फळे धरली की पुढे दोन पाने ठेवून शेंडा खुडावा. डागाळलेले खालचे पान दिसताच, पण पाने कोरडी असताना काढावे. ओल्या वेलात हात फिरवला की रोग आपणच पसरवतो. सुरुवातीला नुसती नर फुलेच दिसतात आणि गळतात, त्याने घाबरून खताचा मारा करू नये. नत्र जास्त झाले की पाने माजतात, आणि माजलेली ताटी वाळत नाही.

या सगळ्या युक्तिवादाला मर्यादा आहेत आणि त्या स्पष्ट सांगायला हव्यात. पान कोरडे ठेवल्याने केवडा आवरतो, भुरी आवरत नाही. पानावर पांढरे पीठ शिंपडल्यासारखी दिसणारी भुरी ऑक्टोबरनंतरच्या कोरड्या दिवसांत, थंड रात्रींत येते आणि तिला पानावर पाणी असावे लागत नाही. त्यावर पाण्यात मिसळणारे गंधक चालते, पण पारा 35 अंशांकडे असताना ते फवारले तर वेलाची पाने होरपळतात. फळमाशीलाही ताटी अडवत नाही. ती लोंबणाऱ्या कोवळ्या फळाला तितक्याच सहजपणे टोचते. तिच्यासाठी किडकी, गळलेली फळे रोज उचलून खोल पुरावीत, कारण अळी फळातून निघून मातीतच कोषात जाते. नराला खेचणारा क्यू-ल्युअरचा सापळाही लावावा. आंब्यासाठीचा सापळा वेगळ्या वासाचा असतो, तो काकडीच्या माशीवर चालत नाही. रोपावस्थेत लाल भुंगेरे पाने चाळणीसारखी करतात. सकाळी दव असताना चुलीची चाळलेली राख धुरळली तर ते बरेच आटोक्यात राहतात. रोग हाताबाहेर जात असेल तर पान घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जावे. चंद्रपूर जिल्ह्याचे केंद्र सिंदेवाहीला आणि गडचिरोलीचे सोनापूरला आहे.

सर्वांत मोठा आक्षेप उन्हाळ्याचा. जो वेल पावसाळ्यात लवकर वाळतो तोच उन्हाळ्यात लवकर सुकणार नाही का? सुकतो. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात 45 अंशांच्या वर जातो. त्याच्या कितीतरी आधी, 35 च्या पुढे गेल्यावरच, काकडीचे परागकण दुबळे होतात, नर फुले वाढतात आणि फळ कडू होऊ लागते. म्हणून इथली उन्हाळी काकडी जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात टोकून एप्रिलच्या मध्यापर्यंत आटोपती घ्यावी. मेमध्ये वेल जगवण्याचा हट्ट धरू नये. या हंगामात ताटीच्या पश्चिमेला मक्याची एक ओळ लावली तर दुपारचे ऊन तुटते. शिवाय फळमाशी विसाव्याला मक्यावर बसते, तेव्हा सापळाही तिथेच टांगावा. खरिपात मात्र हीच ओळ वारा अडवेल, तेव्हा ती नको. कडूपणाचे मूळ उष्णता आणि पाण्याचा ताण यांत आहे आणि तो देठाकडे एकवटतो. म्हणून देठाचा इंच-दीड इंच भाग कापून टाकणे योग्य. टोक घासून फेस काढल्याने आतला कडूपणा जात नाही, आणि फार कडू लागलेली काकडी खाऊच नये.

वानरांबद्दल खोटा दिलासा देण्यात अर्थ नाही. रानडुकराच्या तोंडून ताटी काकडी वाचवते, वानराला ती ताटात वाढून देते. त्यावर त्यातल्या त्यात चालणारा उपाय म्हणजे ताटी माणसांचा वावर असलेल्या जागी, न्हाणीच्या किंवा विहिरीच्या बाजूला ठेवणे आणि काकडी कोवळी असतानाच, एक दिवसाआड तोडणे. हे तसेही करायलाच हवे. एक फळ वेलावर पिकायला राहिले की बाकीची फुले धरायचे प्रमाण घटते. दुर्गापूर, घुग्घुस, बल्लारपूरकडच्या वसाहतींत अंगण लहान आणि कोळशाची धूळ मोठी. तिथे वीस लिटरच्या डब्यात किंवा सिमेंटच्या पोत्यात एकेक वेल लावून तो ताटीवर न्यावा, आणि पानांवरची काजळी धुवायची तर उन्हाच्या सकाळी, म्हणजे तासाभरात पान वाळते.

काकडीत 95 टक्के पाणी, पोषण ते किती, मग एवढी जागा तिला का द्यावी, असेही कोणी विचारेल. पोषणाच्या हिशेबात काकडी अंबाडी-चवळाईच्या जवळपासही येत नाही, हे मान्य. म्हणून तर ती उभी करायची. वीस फुटांच्या ताटीने जमीन अडते ती हातभर रुंदीची, आणि तिच्या पूर्वेच्या अंगाला मार्चमध्ये दुपारनंतर पडणाऱ्या सावलीत पालक आणि कोथिंबीर, जी एरवी त्या उन्हात उभी राहत नाही, ती आणखी काही आठवडे निघते. भाजीसाठी काढायची जागा काकडीने खाल्ली, ही तक्रार जमिनीवरच्या वेलाबद्दल खरी आहे.

राहिले बियाणे. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी धानाच्या शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या वेचून, त्याच पुन्हा पुन्हा पेरून एचएमटी हे वाण घडवले, हे या भागातल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. ती नजर काकडीलाही लावता येते, पण एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. धानाचे परागीभवन बहुतांशी त्याच फुलात होते, म्हणून निवडलेली लोंबी आपला गुण टिकवते. काकडीचा पराग माशी कुठूनही आणते, तेव्हा शेजारच्या वाडीत दुसरे वाण असेल तर बी मिसळते. संकरित वाणाचे बी तर ठेवूच नये. सुधारित किंवा गावठी वाण असेल तर संध्याकाळी, उद्या उमलणारे मादी फूल आणि दुसऱ्या निरोगी वेलावरचे नर फूल दोन्ही कापडाच्या चिंधीने किंवा दोऱ्याने अलगद बांधावे. सकाळी नर फूल तोडून, त्याच्या पाकळ्या काढून त्याचा पराग मादी फुलाच्या मधल्या भागावर फिरवावा आणि मादी फूल पुन्हा बांधून देठाला रंगीत धागा लावावा. यासाठी वेल निवडायचा तो झडीत ज्याची खालची पाने सर्वांत उशिरापर्यंत हिरवी राहिली असा, मग त्याला फळे थोडी कमी का असेनात. धागा बांधलेले फळ पिवळे-तपकिरी होऊन मऊ पडेपर्यंत वेलावर राहू द्यावे, काढल्यावर आठवडाभर सावलीत ठेवावे. मग गर आणि बी भांड्यात एक-दोन दिवस आंबवून, तरंगणारे पोचट बी ओतून टाकून तळाचे बी धुवावे, सावलीत वाळवावे आणि कोरड्या राखेसह झाकणाच्या बरणीत भरून वाणाचे नाव व साल चिठ्ठीवर लिहून ठेवावे.